अकरा आणि दहा यांच्यामध्ये

सोलापूर
९ जून २०२५

चि. पायल,
अनेक आशीर्वाद.

यादी काल लागली. साठ नावं मी तीनदा वाचली. तुझं नाव नाही.

आपल्या गावात मोबाईल आप्पांच्या खिशात असतो आणि त्यावर आलेलं सगळं आधी घरभर वाचलं जातं, म्हणून पत्र लिहिते आहे. मीनाबाईंच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकते. त्या तुझ्या हातात देतील.

खरं सांगू? मला राग आलेला नाही, वीट आला आहे. फॉर्म मी भरला, पुस्तकं मी पाठवली, माढ्याहून परीक्षेला येशील म्हणून तीन तास सोलापूरच्या स्टँडवर थांबले. आणि पेपर देऊन बाहेर आल्यावर तू काय म्हणालीस? "लई सोपा होता की गं ताई." सोपा पेपर म्हणणाऱ्यांची मला शिसारी येते. आपल्या घरात प्रत्येक जण सोपा पेपर देऊन आला आणि मग बोर्डाच्या नावानं खडे फोडत बसला. तू वेगळी असशील असं वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र मनातून काढून टाक. वशिला, ओळख, संस्थेच्या अध्यक्षांच्या गावची मुलगी, यातलं काहीही या यादीत झालेलं नाही. ती यादी मी लावली आहे. म्हणजे संस्थेचं परीक्षेचं संकेतस्थळ आमच्या ऑफिसकडे होतं आणि नंदीश सरांनी ते माझ्या एकटीवर सोपवलं होतं. एकशेवीस गुणांचा पेपर, चारशे बारा मुली, त्यातून साठ निवडायच्या. दोन वर्षं राहणं, जेवण, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं शिक्षण, सगळं मोफत. अशी यादी माणसाच्या हातात गेली की तिला कसे पाय फुटतात ते आपण पाहिलं आहे. म्हणून मी ती यंत्राकडे दिली. गुण आत टाकले की यंत्र उतरत्या क्रमाने लावतं आणि वरची साठ नावं छापतं. तू माझी चुलत बहीण, तरी मी तुझ्यासाठी एकदाही आत डोकावले नाही. त्याचा मला अभिमान आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा बस. पण आधी सबबी सोड.

तुझी,
ऋतुताई

*

१६ जून

ती. ऋतुताईस,
सा. न.

मीनाबाईंनी पत्र दिलं तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी ढवळत होते. त्या म्हणाल्या, "जाड हाय पाकीट, नोकरीच लागली वाटतं." वाचून झाल्यावर म्हणाल्या, "खिचडी करपली."

ताई, मी सबब सांगत नाही. पण मी प्रश्नपत्रिकेवर माझी उत्तरं टिपून आणली होती आणि उत्तरं जाहीर झाल्यावर जुळवली. एकशेचार नक्की होते. तीन शंकेचे. मी दोनदा मोजलं, मग मीनाबाईंना मोजायला लावलं. आता तू म्हणतेस यादी यंत्राने लावली, आणि यंत्र खोटं बोलत नाही. म्हणजे गोल काळे करताना मीच कुठेतरी एक घर खाली सरकले असणार. मग पुढची सगळी उत्तरं एकेका घराने खाली गेली असणार. दुसरं काही मला सुचत नाही.

आप्पा जेवताना म्हणाले, "न्हाय आलं तर न्हाय आलं. आपल्यात एक पदवीधर हाय की, पुरं." अकलूजची आत्या एकटी पडली आहे आणि तिच्या ओळखीने तिथल्या एका डेअरीत पिशव्या भरायचं काम मिळतं आहे. पहिल्या तारखेला जायचं ठरलं. पुस्तकं मी शेजारच्या गावातल्या एका मुलीला देऊन टाकली.

पुढच्या वर्षी बस असं तू लिहिलंस. पुढच्या वर्षी मला कोण बसू देईल ताई?

तुझी,
पायल

*

सोलापूर
२ जुलै २०२५

चि. पायल,

अकलूजला जाऊ नकोस. पहिली तारीख उलटली, तरी अजून गेली नसशील अशी आशा करते.

तुला एकशेसात पडले आहेत. मी फाईलमध्ये पाहिलं. यंत्राने यादी चुकीची लावली आहे. काहीतरी तांत्रिक बिघाड झाला आहे. मी बोलते आहे इथे. थोडा वेळ दे.

आप्पांना एवढंच सांग की यंत्राची चूक झाली. बाकी काही सांगू नकोस.

ऋतुताई

*

अकलूज
१० जुलै

ती. ऋतुताईस,

तुझं पत्र अंगणवाडीत पडून होतं. मीनाबाईंनी दुसऱ्या पाकिटात घालून इथे पाठवलं. वर लिहिलं होतं, "मी वाचलंय, राग मानू नको. शाब्बास."

एकशेसात! मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "व्हय? मग घेतलं का न्हाय तुला?" मी म्हटलं, यंत्र बिघडलं होतं. ती म्हणाली, "इतकं मोठं यंत्र, आन् तुज्याच नावाला बिघाडलं?" तिला काय सांगू ते तू लिही.

इथलं काम विचारू नकोस. पिशव्या भरणं नुसतं नावाला आहे. मला फुटलेल्या पिशव्या वेचायला बसवलं आहे. मशीनमधून गळक्या निघाल्या की त्या क्रेटमधून काढायच्या, कोपरा कापून दूध परत डब्यात ओतायचं. दुपारपर्यंत पायाखालची फरशी आंबते. हाताचा वास जात नाही ताई. लिंबू चोळलं, राख चोळली. भाकरीलाही तोच वास येतो, म्हणून मी आता चमच्याने जेवते. आत्या म्हणते, पायल मॅडम झाली.

मी एक विचारते. यंत्राला कुणीतरी आज्ञा दिली असेल ना? आपोआप तर ते लावत नसेल. मग ती ज्याने दिली तो कोण? तुमच्या ऑफिसातला कुणी असेल. त्याला इथे आण आणि एक दिवस माझ्या शेजारी फरशीवर बसव. दुसरी शिक्षा नको. संध्याकाळी स्वतःच्या हाताने जेवून दाखव म्हणावं.

तुझी,
पायल

*

सोलापूर
१५ जुलै २०२५

पायल,

ती आज्ञा देणारी मी.

मागच्या पत्रात "तांत्रिक बिघाड" लिहिताना मला ते ठाऊक होतं. तू ज्याला फरशीवर बसवायला निघालीस, त्याची किळस तुझ्याआधी मला येते आहे. पण नीट सांगते.

२९ जूनला निवडलेल्या मुलींचा सत्कार होता. मी मागच्या रांगेत बसले होते. अध्यक्षांनी माईकवर सांगितलं, "पहिली आलेली कन्या, एकशेवीसपैकी नव्व्याण्णव गुण!" टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि मधेच माझे हात थांबले. तू एकशेचार लिहिलं होतंस. ते मला बढाई वाटलं होतं, खोटं बोलू नये. पण चारशे बारा मुलींत एकीलाही शंभर नाहीत? यादीसोबत गुण छापलेच नव्हते. छापले की पालक भांडायला येतात, असं संस्थेचं म्हणणं होतं. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फाईल उघडली.

आम्ही ज्या भाषेत काम करतो ती जावास्क्रिप्ट. तिच्यात सॉर्ट नावाची आज्ञा आहे, क्रम लावणारी. नुसती तेवढीच दिली तर ती आकड्यांना आकडे समजत नाही, शब्द समजते. शब्दकोशासारखं पहिलं अक्षर बघते. नव्व्याण्णवची सुरुवात नवाने, म्हणून तो मोठा. एकशेसातची सुरुवात एकाने, म्हणून लहान. एकूण किती, हे ती बघतच नाही. मी तो क्रम उलटा केला आणि वरची साठ नावं घेतली. शंभर आणि त्याच्या वर गुण मिळालेल्या सतरा मुली आहेत. सतराही जणी तळाला गेल्या. तुझ्या वर अकरा गुणांची मुलगी आहे, आणि तुम्ही शंभरवाल्या संपलात की खाली दहाची. आणि नव्वदच्या लगेच खाली एका मुलीचं नाव आहे जिला नऊ पडलेत. तिला जागा मिळाली. तिच्या अंगावर शाल पडताना मी पाहिली आहे.

हे टाळायला फार काही लागत नाही. दोन आकडे एकमेकांतून वजा करून बघ, एवढंच त्या आज्ञेला सांगायचं. अर्धी ओळ. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात आणि मला तेव्हा शाबासकी मिळाली होती.

मी चाचणी घेतली नाही असं नाही. आधी खोटे गुण घालून बघतात, तसे मी घातले होते. सुचेनात म्हणून घरातलीच नावं घेतली. आई ४२, आप्पा ३८, पायल ६१, मीनाबाई ५६, आत्या ४९, मी ७३. सगळे बरोबर लागले. मी निर्धास्त झाले.

नंदीश सरांकडे गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर सत्काराच्या पेढ्यांचा बॉक्स होता. मी म्हटलं, "सर, सतरा मुली राहिल्या."

"कुणी तक्रार केली?"

"त्यांना माहीतच नाही."

"मग?" त्यांनी बॉक्स माझ्याकडे सरकवला. "संस्थेने साठ नावं मागितली, आपण साठ दिली. फोटो पेपरात आला. बस, पेढा खा. आणि ती गुणांची फाईल पुसून टाक. चूक तुझी आहे, बाहेर गेली तर नाव तुझंच जाईल."

मी पेढा तोंडात टाकला, पायल. हे लिहिताना लाज वाटते, पण टाकला. मग ऑफिसच्या बेसिनमध्ये थुंकले आणि चूळ भरत राहिले. आणि त्यानंतर पंधरा दिवस मी गप्प बसले. सकाळी माझ्या आईच्या मागे सायकलवर अक्कलकोट रोडला जायचं, ती टॉवेलच्या कारखान्यात वळायची, मी पुढे ऑफिसात. यंत्राला वशिला नसतो म्हणणारी मी स्वतःला वाचवत बसले होते.

काल सरांना सांगितलं की फाईल पुसणार नाही. त्यांनी मला कामावरून काढलं. निघण्याआधी मी सतराजणींचे गुण आणि पत्ते उतरवून घेतले होते. प्रत्येकीला तिचे गुण कळवणारं पत्र लिहून टाकलं आहे, एक संस्थेलाही. सगळ्यांखाली माझी सही आहे आणि चूक कुणाची तेही लिहिलं आहे. हे पत्र जपून ठेव. कुणी विचारलं तर पुढे कर. प्रवेश ३१ जुलैला बंद होतात.

ऋतुजा

*

अकलूज
२० जुलै

ऋतुजा,

चूक झाली ती झाली. आज्ञा अर्धी राहिली, भाषा वाकडी निघाली, हे मला कळलं. मी पिशवी कापताना रोज चुकते.

पण तू मला एकसष्ट दिलेस.

तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. खोटेच गुण घालायचे होते, शाई तुझी, हात तुझा. एकशेवीसपैकी कितीही घालता आले असते. तू घरातली सगळी नावं घेतलीस आणि एकालाही शंभरावर जाऊ दिलं नाहीस. स्वतःलासुद्धा नाही. एकदा, नुसतं गंमत म्हणून एकदा पायल १०१ असं लिहिलं असतंस, तर तुझी चूक तिथल्या तिथे सापडली असती. ते तुझ्या मनातच आलं नाही. मी मात्र खेड्यातल्या शाळेत बाकावर बसून तुझं नाव घेऊन अभ्यास करत होते.

दुधाचा वास परवडला.

मी जाणार आहे. तुझ्यासाठी नाही. पत्र घेऊन जाते कारण ते लागेल.

पायल

*

सोलापूर, मुलींचं वसतिगृह
७ ऑगस्ट

ऋतुजा,

वरचा पत्ता बघ. तू याच शहरात आहेस आणि मी चालत येऊ शकते. पण अजून यावंसं वाटत नाही, म्हणून पत्र.

२८ तारखेला आम्ही अकराजणी संस्थेच्या दारात होतो. सतरांपैकी अकरा. एकीचं लग्न झालं, एकीने पुण्यात काम धरलं, चौघींचं काही कळलं नाही. मला घेऊन आप्पा आले होते. फाटकाशी येऊन मला म्हणाले, "एकशेवीसपैकी एकशेसात व्हय?"

"व्हय."

"मग तेरा कुटं घालवले?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांना कधी कुणी सांगितलंच नाही की आपल्याला साठच पडतात.

आत मल्लप्पा म्हणून कारकून आहेत. म्हणाले, "यादी लागली म्हणजे लागली. कॉम्प्युटरनं लावलीया, त्याच्यावर कोण बोलणार?" आम्ही तुझं पत्र पुढे केलं. ते त्यांच्याकडेही आलेलं होतं, ड्रॉवरमध्ये. अध्यक्ष बाहेर आले. त्यांनी वाचलं न वाचलं केलं आणि म्हणाले, "कामावरून काढलेल्या बाईनं रागानं लिहिलंय. आमच्याकडे चुका होत नाहीत. इथली प्रत्येक मुलगी गुणवंत आहे."

तेव्हा आतून एक मुलगी आली. हातात पाण्याची बाटली, पायात घरातल्या चपला. म्हणाली, "सर, मला नऊ पडलेत."

"कोण तू?"

"शुभदा. पेपरच्या दिवशी मला ताप होता, मी अर्ध्या तासात उठून गेले होते. नंतर उत्तरं जुळवून मीच मोजलेत. सत्काराला तुम्ही शाल घातलीत तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. रोज ताटावर बसते आणि घास खाली जात नाही. माझा पेपर काढून बघा."

मल्लप्पांनी कपाटातून पेपर काढला. नऊच होते. मग आमचे अकरा काढावे लागले.

दोन दिवस बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं की आधीच्या मुलींना काढायचं नाही, हॉलमध्ये अकरा खाटा वाढवायच्या. शुभदा मात्र स्वतःहून गेली. म्हणाली, पुढच्या वर्षी ताप नसताना येते. जाताना तिने मला माझीच पुस्तकं दाखवली. ज्या मुलीला मी ती दिली होती, ती तिची मामेबहीण निघाली. आता त्या दोघी मिळून वापरतील.

आणि इथली घाण अजून संपली नाही. अध्यक्षांनी "वाढीव जागा मंजूर" असा फलक लावला, पुन्हा फोटोवाला बोलावला, पुन्हा पेढे, पुन्हा शाली. चूक झाली हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. उलट आमच्यावर उपकार झाले. मी शाल घेतली. हॉलमध्ये पायपुसणं नव्हतं.

मल्लप्पा सांगत होते की नवी यादी लावायला तुलाच बोलावलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते उघडताच येईना. ते म्हणाले, बाई आधी खोटे आकडे घालून तासभर बघत बसली होती. कोणते घातलेस? मला लिही. मग ताई म्हणायचं की नाही ते ठरवू.

पायल

*

सोलापूर
९ ऑगस्ट २०२५

चि. पायल,

त्या न आलेल्या सहाजणींपैकी दोघींची पत्रं परत आली. पाकिटावर "पत्ता अपुरा" असा शिक्का आहे. ती मी टेबलावर ठेवली आहेत. शाल-पेढे बघून तुला जे वाटलं ते मला ती बघून वाटतं, आणि त्यात अध्यक्षांचा हात नाही, फक्त माझा आहे. मी चौघींची गावं शोधून जाणार आहे.

तू विचारलेलं सांगते. पण आधी माझ्या आईचं. कामावरून काढल्यावर दोन आठवडे मी तिच्या कारखान्यात टॉवेल तपासायला बसले. मी एक टॉवेल पसरायची, मधला फुलांचा भाग नीट बघायची, घडी घालायची. आईने माझ्या हातावर चापट मारली. "मधलं काय बघतीस? मधलं सगळ्यांचं चांगलंच असतंय. टॉवेल कडेला उसवतो." ती कधीच मध्ये बघत नाही. चारही कडा बोटांतून सरकवते आणि टॉवेल खाली ठेवते. चार यत्ता शिकलेली बाई. ४२, ५६, ६१, ७३. मी सगळं मधलंच बघितलं होतं.

आणि कडेला कुणी असेल हे माझ्या मनात का आलं नाही, त्याचं कारण तू बरोबर ओळखलंस. मला वाटत होतं की मी घरातली पहिली पदवीधर म्हणजे आपल्या घराची कड मीच. माझ्यापुढे कापडच नाही. त्याबद्दल मी माफी मागत नाही, कारण ती मागून मिळण्यासारखी गोष्ट नाही.

संस्थेत बसले तेव्हा मल्लप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. मी आकडे घातले ते असे: ०, ९, १०, ११, ९९, १००, १०७, १२०. ते म्हणाले, "एकशेवीस कुणाला पडलेत हो?"

"अजून कुणाला नाहीत."

"मग कशाला घालताय?"

मी म्हटलं, "येईल ती. आली की तळाला जायला नको."

नावं या वेळीही घरातलीच घेतली. एकशेसातसमोर तुझं, कारण ते तुझे खरे आहेत. एकशेवीससमोर जागा रिकामी ठेवली. ती कोण असेल हे ठरवणारी मी कोण? नऊसमोर माझं नाव घातलं.

मग यंत्राला सांगितलं, लाव. वर रिकामी जागा आली, तिच्याखाली तू. मी शेवटून दुसरी आले.

यादी बरोबर लागली.

ऋतुजा